तीनदा हिवताप आला, तरी शरीर शहाणं का झालं नाही?

प्रश्न: मी सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सी करते आहे, शेवटचं वर्ष. पुढे हिवताप आणि परजीवींमुळे होणारे आजार, त्यातही शरीर त्यांना कसं तोंड देतं, यावर पीएचडी करायची इच्छा आहे. पण ज्याला सांगावं तो म्हणतो, 'औषधं आहेत, आता लसही आली, यात नवीन काय शोधणार?' दुसरं म्हणजे, प्रकल्पासाठी मी सहा महिने हिवतापाच्या परजीवीचं कल्चर करत होते, म्हणजे तो प्रयोगशाळेत वाढवत होते. ते तीन वेळा मेलं. मार्गदर्शक म्हणाले, 'तुला हात नाही, कॉम्प्युटरवरचं काहीतरी बघ.' तेव्हापासून मन उडालंय. आणि एक बालिश प्रश्न. लहानपणी मला गोवर एकदाच आला, हिवताप मात्र तीनदा. असं का, हे मला अजून कुणी नीट सांगितलेलं नाही. मी काय करू?
— गोंधळलेली

उत्तर:

प्रिय गोंधळलेली,

तुझा शेवटचा प्रश्न तू जवळजवळ माफी मागत विचारला आहेस. मी तिथूनच सुरुवात करते. पीएचडीसाठी विषय शोधत असशील तर तो तुझ्याच पत्रात, त्या 'बालिश' ओळीत आहे.

१८४६ मध्ये उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर गोवराची मोठी साथ आली. पानुम नावाच्या एका तरुण डॅनिश डॉक्टरला तिथे पाठवलं गेलं. त्याआधी बेटांवर गोवर आला होता तो १७८१ मध्ये. पानुमला तिथे अशी म्हातारी माणसं भेटली, ज्यांना त्या जुन्या साथीत लहानपणी गोवर होऊन गेला होता. त्यांच्यापैकी एकालाही तो पुन्हा झाला नाही. मधल्या ६५ वर्षांत त्यांची गोवराशी गाठ पडलेली नव्हती, तरी शरीराने ती ओळख जपून ठेवली होती.

आता हिवतापाकडे ये. १९०० च्या सुमाराला जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख जावा आणि न्यू गिनीमध्ये लोकांचं रक्त तपासत फिरत होता. जिथे हिवताप कायम ठाण मांडून बसलेला होता, तिथे त्याला लहान मुलांच्या रक्तात परजीवी भरपूर दिसले. मोठ्या माणसांत ते फार कमी दिसले. डास तेच होते आणि चावेही तेवढेच होते. म्हणजे त्या मोठ्या माणसांच्या शरीराने काहीतरी शिकून घेतलं होतं. फक्त त्याला एक आजारपण पुरलं नव्हतं, पुन्हा पुन्हा संसर्ग होत वर्षं जावी लागली होती. शिवाय हे शिकणं अपुरंही असतं. अशी माणसं ठणठणीत हिंडतात-फिरतात, पण बारकाईने तपासलं तर रक्तात थोडे परजीवी सापडतात. ती काही वर्षं हिवताप नसलेल्या ठिकाणी राहिली की संरक्षण विरतं, आणि परत आल्यावर ताप पुन्हा गाठतो.

शरीर इथे एकाच वेळी तीन वेगळ्या गोष्टी शिकत असतं, आणि तिन्हींचा वेग वेगळा असतो. हिवतापाने मरू नये, हे त्यातल्या त्यात लवकर जमतं. हिवतापाने आजारी पडू नये, याला बरीच वर्षं लागतात. परजीवीला आत टिकूच देऊ नये, हे जवळजवळ कधीच पूर्णपणे साधत नाही. तू 'शरीर कसं तोंड देतं' असं एकाच दमात लिहिलं आहेस. संशोधन सुरू करण्याआधी त्याचे हे तीन तुकडे कर. मग मुलाखतीत 'तुम्हाला नक्की काय शोधायचंय' असं विचारलं तर उत्तर तुझ्याकडे असेल.

शिकायला एवढा वेळ का लागतो? हा भाग मला स्वतःला फार आवडतो, म्हणून थोडी रेंगाळते.

डास चावतो तेव्हा त्वचेत शिरणारे परजीवी मोजकेच असतात, साधारण काही दहा ते शंभरेक. ते यकृतात पोहोचतात. तिथे एका पेशीत घुसलेल्या एका परजीवीपासून आठवडाभरात हजारो, फाल्सिपेरम या सगळ्यात घातक जातीत तर दहा हजारांहूनही जास्त पिल्लं तयार होतात. एवढं सगळं होईपर्यंत माणसाला काहीच जाणवत नाही. मग ती रक्तात उतरतात आणि मिनिटाच्या आत-बाहेर तांबड्या पेशीत शिरतात. लपायला यापेक्षा सोयीची जागा नाही. आपल्या बहुतेक पेशी आत काय चाललंय याचे नमुने पृष्ठभागावर मांडून ठेवतात आणि मारक टी-पेशी (संसर्ग झालेल्या पेशी शोधून मारणाऱ्या पेशी) ते वाचत जातात. प्रौढ तांबड्या पेशीला केंद्रकच नसतं आणि नमुने मांडायची ती यंत्रणाही जवळजवळ नसते.

पण परजीवीची तिथे एक अडचण होते. आत वाढता वाढता तो पेशी ताठर करून टाकतो, आणि ताठर पेशी गाळून काढणं हे तर पानथरीचं रोजचं काम. (पानथरी म्हणजे प्लीहा. जुने वैद्य हिवतापाच्या रोग्याचं पोट चाचपून ती वाढली आहे का ते बघायचे, ते उगाच नाही.) फाल्सिपेरमने यावर तोड काढली आहे. तो पेशीच्या पृष्ठभागावर स्वतःचं एक प्रथिन आणून बसवतो. त्यामुळे पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून राहते आणि पानथरीच्या वाटेला जातच नाही. म्हणून तर बोटातून काढलेल्या थेंबात फाल्सिपेरमची बहुधा कोवळी रूपंच दिसतात. मोठी झालेली आत कुठेतरी भिंतीला धरून बसलेली असतात.

पृष्ठभागावर आलेलं ते प्रथिन शरीराला दिसतं आणि शरीर त्याविरुद्ध अँटीबॉडी बनवतं. तोवर परजीवीने प्रथिन बदललेलं असतं. या प्रथिनांच्या जनुकांना व्हार जनुकं म्हणतात. ती १९९५ मध्ये ओळखली गेली. एका परजीवीकडे अशी साधारण साठ जनुकं असतात आणि एका वेळी तो त्यातलं एकच वापरतो. शिवाय तुला चावलेल्या डासातल्या परजीवीची साठ जनुकं आणि पुढच्या डासातल्या परजीवीची साठ सारखी नसतात. शरीर एकेक वेश ओळखत जातं आणि तेवढ्यात नवा वेश समोर येतो.

गर्भवतींमध्ये हे फार स्पष्ट दिसतं. हिवतापाच्या प्रदेशात वाढलेली, वर्षानुवर्षं ताप न आलेली बाई पहिल्यांदा गर्भवती राहते आणि पुन्हा हिवतापाला बळी पडते. वार (प्लासेंटा) ही शरीरात नव्याने तयार झालेली जागा असते. तिच्यात एक खास साखरेची साखळी असते आणि तिला चिकटणारं एक विशिष्ट प्रथिन परजीवीकडे असतं. तो वेश या बाईच्या शरीराने आधी कधी पाहिलेलाच नसतो. दुसऱ्या-तिसऱ्या गर्भारपणापर्यंत त्याविरुद्धच्या अँटीबॉडी तयार होतात आणि धोका कमी होतो. शरीर परजीवीला तोंड देतं याचा पुरावा तू शोधत असलीस तर हा बघ, वर्षावर्षाने, एकाच बाईच्या रक्तात लिहिलेला.

आणि शिकलेलं हे शहाणपण एका माणसातून दुसऱ्यात नेता येतं, हेही दाखवून झालं आहे. १९६१ मध्ये कोहेन, मॅकग्रेगर आणि कॅरिंग्टन यांनी गांबियातल्या प्रौढांच्या रक्तातल्या अँटीबॉडी वेगळ्या काढून हिवतापाने आजारी मुलांना टोचल्या, आणि मुलांच्या रक्तातले परजीवी झपाट्याने कमी झाले. या घटनेला साठ वर्षं उलटून गेली. त्या मिश्रणातल्या नेमक्या कोणत्या अँटीबॉडींनी काम केलं, याची पूर्ण यादी आजही कुणाकडे नाही. 'आता यात काय शोधणार' असं विचारणाऱ्यांना हे सांग.

त्यांना आकडेही सांग. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगात हिवतापाचे सुमारे २६ कोटी ३० लाख रुग्ण होते आणि ५ लाख ९७ हजार माणसं दगावली. त्यातले सुमारे ९५ टक्के मृत्यू आफ्रिकेतले, आणि तिथल्या मृतांमधली तीन चतुर्थांश पाच वर्षांखालची मुलं. लस आली हे खरं आहे. पहिलीची शिफारस २०२१ मध्ये झाली, दुसरीची २०२३ मध्ये. पण पहिल्या लसीच्या मोठ्या चाचणीत चार डोस घेतलेल्या पाच ते सतरा महिन्यांच्या मुलांमध्ये चार वर्षांत हिवतापाचे प्रसंग सुमारे ३६ टक्क्यांनी कमी झाले होते. लाखो मुलं वाचतील, म्हणून ती दिलीच पाहिजे. तरीही गोवराच्या लसीशी तिची तुलना होत नाही. या लसीमागची मूळ कल्पना १९६७ ची आहे. रूथ नुसेन्झवाइग यांनी क्ष-किरणांनी दुबळे केलेले परजीवी उंदरांना टोचून त्यांना संरक्षण मिळतं हे तेव्हा दाखवलं होतं. तिथून शिफारशीपर्यंत ५४ वर्षं लागली. औषधांचं म्हणशील तर सगळी भिस्त आर्टेमिसिनिनवर आहे, आणि त्याला दाद न देणारे परजीवी आधी कंबोडियाच्या पश्चिम भागात आणि नंतर रवांडा, युगांडासारख्या देशांतही सापडले आहेत. क्षेत्र संपलेलं नाही. या प्रश्नावर तू यापेक्षा जास्त वेळ घालवू नयेस.

आता कल्चर.

तीन वेळा मेलं, हे वाचून मला वाईट वाटलं. पण 'तुला हात नाही' हे वाचून त्याहून जास्त वाटलं. या कामात हात कुणी जन्माला येताना आणत नाही, हात बसतो, आणि तो बसेपर्यंत शेजारी कुणीतरी उभं राहावं लागतं. लावेराँ या फ्रेंच डॉक्टरने १८८० मध्ये हा परजीवी पहिल्यांदा पाहिला. माणसाच्या फाल्सिपेरमला प्रयोगशाळेत सतत वाढतं ठेवणं जमलं १९७६ मध्ये, म्हणजे मध्ये ९६ वर्षं गेली. ट्रेगर आणि जेन्सन यांना ते जमलं तेव्हा त्यांची युक्ती साधी होती. झाकणबंद काचेच्या भांड्यात कल्चरच्या बश्या ठेवायच्या, एक मेणबत्ती पेटवायची आणि झाकण लावायचं. ज्योत विझेपर्यंत आतला ऑक्सिजन उतरतो आणि कार्बन डायऑक्साइड चढतो. परजीवीला तेच हवं असतं, कमी ऑक्सिजन. ही गोष्ट कळायला एवढी वर्षं लागली. तुझे सहा महिने त्यापुढे ठेवून बघ.

मेलेल्या कल्चरच्या काचपट्ट्या ठेवल्या असशील तर त्या पुन्हा काढ. परजीवी आक्रसून काळपट ठिपक्यांसारखे झाले असतील तर त्यांची उपासमार झाली होती किंवा माध्यम, म्हणजे ते ज्या द्रवात वाढतात ते, आंबट झालं होतं. संसर्गित पेशींचं प्रमाण पाच टक्क्यांच्या वर गेलं आणि तू दिवसातून एकदाच माध्यम बदलत राहिलीस, की लॅक्टिक आम्ल साचतं आणि सगळं एका रात्रीत बसतं. सुट्टीच्या आदल्या दिवशी कल्चर एक टक्क्याच्या खाली पातळ करून ठेवायचं असतं, हे तुला कुणी सांगितलं होतं का? परजीवी दिसायला ठीक होते, पण नव्या पेशींत शिरतच नव्हते असं असेल, तर रक्त जुनं झालेलं असू शकतं. तिन्ही वेळा मरण एकाच टप्प्यावर आलं असेल, तर वायूचं मिश्रण, सीरमची किंवा त्याच्या जागी वापरलेल्या प्रथिनाची बॅच, मायकोप्लाझ्मा या बारीक जिवाणूचा संसर्ग, हे एकेक तपासून बाजूला काढ. वहीत रोज एकाच वेळी घेतलेली मोजणी, रक्ताची तारीख आणि बॅचचे क्रमांक आहेत का? असतील तर तुझे सहा महिने वाया गेलेले नाहीत, त्यातून कारण सापडेल. नसतील तर चूक वहीची आहे, आणि ती पुढच्या सोमवारपासून सुधारता येते.

तुझ्या मार्गदर्शकांचं निम्मं मात्र ऐक. संख्याशास्त्र आणि थोडं प्रोग्रामिंग शीक, पण हात नाही म्हणून शिकू नकोस. या विषयात त्याच्याशिवाय माणूस सरळ खड्ड्यात जातो. कसा ते सांगते.

समज, तू एका गावातल्या मुलांचं रक्त तपासलंस आणि अमुक एका अँटीबॉडीचं प्रमाण मोजलं. वर्षभर पाहिलंस, तर ज्यांच्यात ती जास्त होती त्यांना ताप कमी आला. संरक्षण सापडलं? आता दुसऱ्या गावात बघ. तिथे ज्यांच्यात ती जास्त, त्यांनाच ताप जास्त! कारण ती अँटीबॉडी नुसतीच हजेरी लावत होती, 'या मुलाला डास खूप चावलेत' एवढंच सांगत होती. आणि पहिल्या गावात ज्यांना ताप आला नाही, त्यांतली काही मुलं खरोखर सुरक्षित होती, तर काहींना त्या वर्षी डास चावलेच नव्हते. संसर्गाची खूण आणि संरक्षणाची खूण एकाच नळीत, एकाच रंगात दिसतात. त्या वेगळ्या करणं हे या क्षेत्रातलं सगळ्यात अवघड आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचं काम आहे. वय, घराची जागा, मच्छरदाणी, आधी किती वेळा संसर्ग झाला, हे सगळं हिशोबात धरणारा माणूस इथे हवा असतो. प्रयोगशाळेत रुळलेला हात आणि हा हिशोब, दोन्ही एकाच माणसात फार थोड्या वेळा भेटतात.

शरीराचा अभ्यास करायचा की परजीवीचा, असं तू थेट विचारलेलं नाहीस, पण पत्रात ते जाणवतं. माझं मत स्पष्ट आहे. आवड शरीराची असली तरी पहिलं वर्ष परजीवीला दे. रोज काचपट्टी बघ. मी शिकत होते तेव्हा आमच्याकडे एक ज्येष्ठ तंत्रज्ञ बाई होत्या. पहिल्या आठवड्यात मी मोठ्या आनंदाने एका पेशीत परजीवी दाखवला. तांबड्या पेशीवर जांभळट ठिपका होता, भोवती फिकट कडा. त्यांनी मला सूक्ष्मदर्शकाचा बारीक स्क्रू फिरवायला सांगितला. ठिपका स्पष्ट झाला तेव्हा पेशी धूसर झाली, पेशी स्पष्ट झाली तेव्हा ठिपका धूसर. 'वर बसलाय,' त्या म्हणाल्या, 'प्लेटलेट आहे ती. परजीवी पेशीच्या आत असतो, दोघं एकदमच स्पष्ट होतात.' मग त्यांनी खरा दाखवला. निळसर बारीक कडं आणि त्यावर लाल ठिपका, खड्याच्या अंगठीसारखा. तो फरक मला कुठल्याही पुस्तकातून कळला नसता. पुढे संगणकाने मोजलेल्या प्रत्येक आकड्याकडे मी त्या स्क्रूची आठवण ठेवून बघत आले.

परजीवी ओळखीचा झाला की शरीराचं वागणंही उलगडत जातं. ताप दर दोन दिवसांनी का भरतो? कारण ४८ तासांचं चक्र पूर्ण करून पेशी साधारण एकाच वेळी फुटतात आणि आतला सगळा ऐवज रक्तात पडतो. त्याला शरीर जे उत्तर देतं, तोच ताप. मलेरी या जातीचं चक्र ७२ तासांचं, नोलेसीचं २४ तासांचं. हुडहुडी आपलीच असते, वेळापत्रक त्याचं.

आणि शरीराचं उत्तर नेहमी शरीराच्या भल्याचंच असतं असं समजून चालू नकोस. मेंदूच्या हिवतापात माणूस बेशुद्ध पडतो. मेंदूला सूज आणि दाह असणार, मग दाह कमी करणारं स्टेरॉइड द्यावं, असा डॉक्टरांचा तर्क होता आणि तो चुकीचाही वाटत नव्हता. १९८२ मध्ये थायलंडमधल्या १०० बेशुद्ध रुग्णांवरच्या चाचणीचा निकाल आला. स्टेरॉइड मिळालेले रुग्ण जास्त वेळ बेशुद्ध राहिले, त्यांना न्यूमोनियासारख्या गुंतागुंतीही जास्त झाल्या, आणि जीव कुणाचाच जास्त वाचला नाही. पुढे गांबियातल्या मुलांमध्ये दाहातला एकच रेणू रोखून पाहिला, तर ताप उतरला पण मृत्यू घटले नाहीत, उलट मेंदूला झालेली इजा मागे राहण्याचं प्रमाण वाढलं. शरीर जास्त करतंय म्हणून ते कमी करू, इतकं सरळ हे नाही. कुठली प्रतिक्रिया केव्हा वाचवते आणि केव्हा मारते, हे अजून नीट हाती आलेलं नाही. परजीवी तेवढेच असूनही कमी आजारी पडणारी शरीरं असतात, ती नुकसान सोसून सावरतात कशी, हा तर अलीकडे कुठे नीट विचारला जाऊ लागलेला प्रश्न आहे. सिकलसेलचं एकच जनुक असलेल्या माणसांना गंभीर हिवतापापासून मोठं संरक्षण मिळतं, हे ॲलिसन यांनी १९५४ मध्ये मांडलं, आणि त्यामागची कारणं अजून एकेक करत पुढे येत आहेत.

उंदरांवर काम मिळालं तर घे, पण डोळे उघडे ठेवून. उंदराच्या मेंदूच्या हिवतापात टी-पेशींचा हात असल्याचं ठळकपणे दिसतं. माणसाच्या मेंदूत मुख्यतः दिसतात त्या परजीवींनी भरलेल्या पेशींनी तुंबलेल्या बारीक रक्तवाहिन्या. दोन्हींत साम्य किती, यावर वाद चालूच आहे. मार्गदर्शक निवडताना त्यांना हेच विचार, 'तुमच्या उंदरातलं कोणतं उत्तर माणसात तपासून पाहिलं गेलंय?' प्रश्न ऐकून जे खूश होतील, त्यांच्याकडे जा. शिवाय त्यांच्या विद्यार्थ्यांना एकटं गाठून विचार, प्रयोग फसला की इथे काय होतं? संस्थेच्या नावापेक्षा या एका उत्तरावर तुझी पाच वर्षं जास्त अवलंबून आहेत.

हिवतापालाच चिकटून राहिलं पाहिजे असंही नाही. एक आजार समजून घ्यायला दुसरा शेजारी ठेवावा लागतो. काळ्या आजाराचा परजीवी तर जंतू गिळून टाकणाऱ्या भक्षक पेशीच्याच पोटात राहतो, म्हणजे चोराने पोलीस चौकीत बिऱ्हाड करावं तसा. तरीही तो आजार पूर्ण बरा झालेल्या माणसाला सहसा पुन्हा होत नाही. त्याच कुळातल्या त्वचेच्या आजाराबाबत पश्चिम आणि मध्य आशियातल्या लोकांना हे फार पूर्वीपासून ठाऊक होतं. चेहऱ्यावर व्रण येऊ नयेत म्हणून ते मुलांना कपड्यांखाली झाकल्या जाणाऱ्या जागी मुद्दाम जखमेतला द्राव टोचत. शिस्टोसोमा नावाचा कृमी बरोबर उलट. तो आपल्याच शरीरातले रेणू अंगावर पांघरून रक्तवाहिनीत वर्षानुवर्षं नांदतो. तेव्हा 'परजीवी आहे म्हणून शरीर शिकत नाही' हे उत्तर पुरत नाही. एकाच्या बाबतीत शिकतं, दुसऱ्याच्या बाबतीत अर्धवट शिकतं, तिसऱ्यासोबत जमवून घेतं. तीन परजीवी निवड आणि प्रत्येकासाठी दोन पानं लिही, शरीर त्याला कुठे पाहतं, केव्हा पाहतं आणि पाहूनही काय करू शकत नाही. अर्जासोबत जोडायला याहून चांगला मजकूर मला सुचत नाही.

आता पुन्हा तुझ्या तीन तापांकडे. ते लिहिताना तू गृहीत धरलंस की तीनदा डास चावला, तीनदा संसर्ग झाला आणि शरीर तीनदा हरलं. कदाचित तसं झालंही असेल. पण व्हायवॅक्स या जातीची एक खोड आहे. तिचे काही परजीवी यकृतात शिरून झोपी जातात. १९४८ मध्ये शॉर्ट आणि गार्नहॅम यांनी यकृतातला टप्पा दाखवला, तरी ही झोपलेली रूपं ओळखायला १९८० चं दशक उजाडलं. रक्तातले परजीवी मारणारं क्लोरोक्विन त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. त्यांच्यासाठी प्रायमाक्विनसारखं वेगळं औषध लागतं, तेही रक्ताची एक तपासणी करून डॉक्टरांनी द्यायचं. ते दिलं गेलं नाही किंवा कोर्स मध्येच सुटला, तर काही आठवड्यांनी, काही महिन्यांनी ती रूपं जागी होतात आणि नव्या डासाशिवाय ताप परत येतो.

म्हणून घरी जुन्या फायली असतील तर उघड. रक्ताच्या अहवालावर 'पी. व्ही.' (व्हायवॅक्स) लिहिलंय की 'पी. एफ.' (फाल्सिपेरम) ते बघ. तिन्ही तापांच्या तारखा एका कागदावर मांड आणि मधलं अंतर मोज. आईला विचार, पहिल्या तापानंतर प्रायमाक्विनच्या चौदा दिवसांच्या गोळ्या दिल्या होत्या का, आणि त्या सगळ्या संपवल्या होत्या का. एवढ्यावरून अगदी खात्रीचं उत्तर मिळणार नाही, कारण उलटलेला ताप आणि नवा ताप रक्तात सारखेच दिसतात, आणि ते वेगळे कसे ओळखायचे हाही अजून न सुटलेला प्रश्न आहे. पण तीन ताप एकाच डासाचे असण्याची शक्यता किती, हे तुला कळेल. तारखा सापडल्या तर मला नक्की कळव.